क्षमताधिष्ठित शिक्षण : पाठ शिकवून झाला, पण मुलाला काय करता येतं?



'क्षमताधिष्ठित शिक्षण' हा शब्द सध्या आपण दर शिक्षण परिषदेत ऐकतो. प्रशिक्षणात ऐकतो, परिपत्रकात वाचतो. खरं सांगायचं तर बरीच वर्षं हा शब्द माझ्या टाचणवहीत होता, वर्गात नव्हता. तो वर्गात कसा आला, ते आधी सांगतो. मग या शिक्षणाचा अर्थ काय, ते कुठून आलं, वर्गात कसं करायचं आणि त्यात अडचणी कोणत्या, हे क्रमाने पाहू.

आठवडी बाजारातला हिशोब

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. गणितात तो मागे होता, निदान माझ्या नोंदवहीत तरी तसंच होतं. 'हातच्याची वजाबाकी करता येत नाही. अधिक सरावाची गरज.' ही नोंद मी पहिल्या सत्रात केली आणि दुसऱ्या सत्रात तीच पुन्हा उतरवली. वर्गात मी त्याला मागच्या गटात बसवलं होतं. पालकसभेत त्याच्या वडिलांना "गणितात कच्चा आहे, लक्ष द्या" असंही सांगून टाकलं होतं.

एका रविवारी मी आठवडी बाजारात गेलो. हा मुलगा वडिलांच्या भाजीच्या पालावर बसला होता, वडील कुठेतरी चहाला गेले होते. मी पावकिलो गवार घेतली तीस रुपयांची, अर्धा किलो वांगी वीसची आणि कोथिंबिरीची जुडी पंधराची. "किती झाले रे?" विचारलं. तो म्हणाला, "पासष्ट, सर." मी शंभरची नोट दिली. त्याने पाचचं नाणं माझ्या हातावर ठेवलं, "हे सत्तर." मग एक वीसची आणि एक दहाची नोट ठेवली, "हे शंभर." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोमवारी वर्गात मी त्याला पाटीवर तेच उदाहरण घातलं. १०० वजा ६५. त्याने उत्तर लिहिलं, १६५.

चूक कशी झाली हे आपल्या लक्षात आलंच असेल. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचच खाली उतरवला. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहा उतरवला. उरलेला एक तसाच. आपल्यापैकी प्रत्येकाने ही चूक शेकडो वह्यांत पाहिली आहे. मी त्याला म्हटलं, "काल मी तुला शंभर दिले. तू मला एकशे पासष्ट परत दिलेस का?" तो हसला. म्हणाला, "सर, असं केलं तर बाबा मला घरात घेतील का?"

मला मात्र हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले होते. म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच म्हणालात पोरगं गणितात कच्चं आहे. चौथीपर्यंत बघतो, नाहीतर पालावर बसवतो. तिथं तरी कामाला येईल." मी वहीत लिहिलेली एक ओळ त्या घरात निर्णय होऊ पाहत होती. आणि ती ओळ अर्धीच खरी होती.

दुसऱ्या बाजूची मुलगी

त्याच वर्गात एक मुलगी होती. वजाबाकीच्या चाचणीत वीसपैकी वीस. अक्षर मोत्यासारखं. तिला मी एक तोंडी उदाहरण घातलं. एसटीत ४५ प्रवासी होते. थांब्यावर १८ उतरले, ७ चढले. आता किती? ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "सर, बेरीज करायची की वजाबाकी?"

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्या वर्गात ऐकू येत नाही? मुलीला रीत येत होती, पण ती कुठे वापरायची हे कळत नव्हतं. मुलाला कुठे काय करायचं हे कळत होतं, पण कागदावरची रीत येत नव्हती. माझ्या नोंदवहीत एक 'उत्तम' होती, एक 'कच्चा'. खरं तर दोघांकडेही क्षमतेचा एकेकच तुकडा होता.

हे फक्त माझ्या वर्गातलं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड करहेर आणि अनालुसिया श्लीमन यांनी तो केला होता. ९ ते १५ वयाची पाचच मुलं होती. विक्री करताना विचारलेल्या हिशोबांपैकी ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा ७३.७ टक्के. आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा फक्त ३६.८ टक्के! आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातल्या मुलांना पुस्तकी गणित जड गेलं आणि शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशोब जड गेला. म्हणजे माझा तो मुलगा आणि ती मुलगी, दोघंही त्यात आहेत.

क्षमता म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर ज्ञान, कौशल्य आणि समज एकत्र आणून, समोर आलेल्या प्रसंगात योग्य ते करता येणं म्हणजे क्षमता. 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत जे अंतर आहे, ते भरून काढणारं शिक्षण म्हणजे क्षमताधिष्ठित शिक्षण.

नेहमीच्या अध्यापनात आपण विचारतो, घटक किती झाला? क्षमताधिष्ठित अध्यापनात विचारायचं, मुलाला काय येऊ लागलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टाचणात असतं. दुसऱ्याचं उत्तर मुलाच्या कृतीत असतं. घटकाला तारीख असते, ती संपते. क्षमतेला प्रत्येक मुलाचा वेगळा वेळ लागतो.

इथे तीन शब्दांची गल्लत होते, ती आधी दूर करू.

१. क्षमता : मोठी, हळूहळू वाढणारी. उदाहरणार्थ, दैनंदिन व्यवहारात संख्यांवरील क्रिया समजून वापरणे.

२. अध्ययन निष्पत्ती : त्या क्षमतेकडे जाताना त्या इयत्तेच्या शेवटी दिसायला हवं असं फळ. उदाहरणार्थ, तीन अंकी संख्यांची वजाबाकी करून व्यवहारातील उदाहरणे सोडवणे.

३. उद्दिष्ट : आजच्या तासाचं. उदाहरणार्थ, एक दशक सुटा करून दहा एकक होतात हे नोटांच्या साहाय्याने सांगणे.

आजचं उद्दिष्ट साध्य झालं म्हणजे क्षमता आली, असं समजू नये. दहा उद्दिष्टं साध्य होऊनही मूल 'बेरीज की वजाबाकी?' विचारू शकतं.

हा विचार कालचा नाही

अनेकांना वाटतं, हे सगळं नव्या धोरणाने आणलं. तसं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर डॉ. रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पहिली ते पाचवीसाठी भाषा, गणित आणि परिसर अभ्यासाच्या 'किमान अध्ययन क्षमता' ठरवून दिल्या. आपल्यापेक्षा ज्येष्ठ गुरुजींना क्षमतांच्या त्या याद्या अजून आठवतात. पुढे त्या प्रयत्नावर टीकाही झाली. क्षमतेचे इतके बारीक तुकडे पडले की ते भरण्यातच वेळ जाऊ लागला आणि मुलाचं सलग शिकणं बाजूला राहिलं. ही टीका आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे आकारिक आणि संकलित. २०१७ मध्ये एनसीईआरटीने प्राथमिक स्तरासाठी इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला झालेलं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण या निष्पत्तींवर आधारलेलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी क्षमता तपासा, असं स्पष्ट सांगितलं. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झालं.

निपुणची लक्ष्यं आपल्याला पाठ असायला हवीत, कारण ती मोजता येतात. पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९९९९ पर्यंत. वाचनात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. 'अर्थ समजून' हे शेवटचे दोन शब्द घाईत गळतात. घड्याळ लावून शब्द मोजले की वाचन तपासलं असं होत नाही. वाचून झाल्यावर "मग पुढे काय झालं रे?" हे विचारलंच पाहिजे.

वर्गात प्रत्यक्ष कसं करायचं?

त्या मुलासोबत मी जे केलं, तेच टप्प्यांनी लिहितो. विषय वजाबाकीचा असला तरी रीत कुठल्याही विषयाला लागू होते.

*टप्पा १ : निष्पत्ती आपल्या भाषेत लिहा.* शासकीय भाषेतलं वाक्य जसंच्या तसं टाचणात उतरवू नका. 'हे ज्याला येतं ते मूल काय करताना दिसेल?' याचं उत्तर लिहा. मी लिहिलं, 'शंभरच्या नोटेतून किती परत द्यायचे हे तोंडी सांगेल, कागदावर मांडेल आणि उत्तर बरोबर आहे का ते स्वतः पडताळेल.'

*टप्पा २ : मुलाला आधी काय येतं ते बघा, कागदाशिवाय.* पायाभूत चाचणी घ्याच, पण त्याआधी पाच मिनिटं मुलाशी बोला. घरी कोण दूध मोजतं? दुकानात कोण जातं? मेंढ्या कोण मोजतं? माझ्या वर्गात ऊसतोडणीला जाऊन आलेल्या मुलीला मोळ्यांची मोजणी येत होती, पण वहीत ते दिसलं नव्हतं.

*टप्पा ३ : त्याची रीत फळ्यावर आणा.* मी त्या मुलाला पालावर केलं तसं करायला लावलं आणि त्याचं बोलणं फळ्यावर संख्यारेषा काढून दाखवलं. ६५ वरून ७०, उडी ५ ची. ७० वरून १००, उडी ३० ची. ३० अधिक ५ म्हणजे ३५. सगळा वर्ग बघत होता. 'कच्चा' मुलगा फळ्याजवळ उभा राहून शिकवत होता. त्या दिवशी त्याचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला असेन.

*टप्पा ४ : त्या रीतीला पुस्तकातल्या रीतीशी जोडा.* खेळण्यातल्या नोटा घेतल्या. शंभरची एक नोट. "यातून मला पासष्ट दे." सुटे नाहीत, मग मोड आणावी लागेल. शंभरच्या झाल्या दहाच्या दहा नोटा. त्यातली एक मोडून दहा एक-एकची नाणी. आता हातात दहाच्या नऊ नोटा आणि दहा नाणी. दहातून पाच गेले, पाच राहिले. नवातून सहा गेल्या, तीन राहिल्या. उत्तर ३५. मग हेच आकड्यांत लिहिलं. 'हातचा' म्हणजे दुसरं काही नाही, नोट मोडून आणणं, हे त्याला चटकन पटलं. सुट्या पैशांचा व्यवहार त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत होता.

*टप्पा ५ : प्रसंग बदलून पाहा.* पैशात जमलं म्हणून थांबू नका. एक मीटर दोरीतून ६५ सेंटिमीटर कापली, किती उरली? शंभर पानी वहीची ६५ पानं भरली, किती कोरी? इथेच खरी परीक्षा होते. सुरुवातीला दोरीच्या उदाहरणात तो अडखळला. म्हणजे क्षमता अजून पालावरच बसली होती, तिला तिथून उठवायचं होतं. आणखी दोन आठवडे लागले.

*टप्पा ६ : उत्तर पटतं का, हे विचारायची सवय लावा.* "शंभरातून काही काढलं तर शंभरापेक्षा जास्त उरेल का?" हा एक प्रश्न वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवला. १६५ सारखी उत्तरं मुलं आता स्वतःच खोडतात.

त्या मुलीसाठी उलटा मार्ग घेतला. तिला उदाहरण सोडवायला न देता, तयार करायला दिलं. '४५ – १८ + ७ = ३४, यावर गोष्ट लिही.' पहिल्या गोष्टीत १८ प्रवासी उतरले आणि पुन्हा तेच ७ जण चढले. आम्ही खूप हसलो, पण गणित बरोबर होतं. हळूहळू 'बेरीज की वजाबाकी?' हा प्रश्न कमी झाला.

प्रश्न बदलले की शिकवणं बदलतं

आपण जसे प्रश्न विचारतो, तसं मूल अभ्यास करतं. थोडी उदाहरणं पाहू.

परिसर अभ्यासात आपण विचारतो, 'पाणी वाचवण्याचे पाच उपाय लिहा.' मूल पाठ केलेले पाच उपाय लिहितं आणि नळ तसाच सोडून येतं. त्याऐवजी गळणाऱ्या नळाखाली पेला ठेवा. पेला किती मिनिटांत भरला? मग एका तासात किती पेले? दिवसात किती? मुख्याध्यापकांना नळ दुरुस्तीसाठी चार ओळी लिहा. यात मोजमाप आलं, गणित आलं, भाषा आली आणि नळही दुरुस्त झाला तर उत्तमच.

भाषेत आपण विचारतो, 'पाठाखालील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.' त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या फलकावरची लसीकरणाची सूचना लिहून आणा. कुणाला यायचं आहे? कधी? सोबत काय आणायचं? हेच आजीला समजेल असं तोंडी सांगा.

प्रत्येक वेळी असा प्रश्न काढणं जमत नाही, हे मान्य आहे. आठवड्याला प्रत्येक विषयात एक, एवढंच ठरवा. पाढे, शुद्धलेखन, सराव हे सोडायचं नाही. सराव हवाच. फक्त तो सराव कशासाठी, हे मुलाला माहीत हवं.

नोंद कशी लिहावी?

'प्रगती समाधानकारक', 'सरावाची गरज', 'गणितात रस घेतो'. तयार नोंदींच्या पुस्तिकेतून या ओळी मीही उतरवल्या आहेत. त्यांतून पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. नोंदीत तीन गोष्टी असाव्यात. काय येतं, कुठे अडतं, पुढे काय करायचं.

त्या मुलाची नोंद मी अशी बदलली : 'शंभरपर्यंतचा व्यवहार तोंडी अचूक करतो, पुढे मोजत परत देतो. कागदावर मांडताना शून्य असलेल्या संख्येत दशक सुटा करायला चुकतो. नोटांच्या साहाय्याने सराव सुरू.' तीनच ओळी आहेत, पण त्यांत तो मुलगा दिसतो.

सगळ्या मुलांच्या अशा नोंदी रोज होत नाहीत. मी दिवसाला चार मुलं घेतो. तीस पटाच्या वर्गाला आठ दिवस लागतात. महिन्यातून दोन-तीनदा प्रत्येक मूल नजरेखालून जातं.

अडचणी आहेतच

दोन शिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, मध्येच ऑनलाइन माहिती भरण्याचा निरोप, निवडणुकीची कामं. हे सगळं असताना क्षमताधिष्ठित शिक्षण करा म्हणणं सोपं आहे. पण बहुवर्ग अध्यापनात याचा एक फायदाही होतो. गट इयत्तेनुसार न करता क्षमतेनुसार करता येतात. नोटा मोडण्याच्या खेळात दुसरीची तीन आणि चौथीची दोन मुलं एकत्र बसू शकतात. गट मात्र कायमचे करू नयेत. दर महिन्याला ते बदलले पाहिजेत, नाहीतर 'मागचा गट' हेच मुलाचं नाव होऊन बसतं. ही चूक मी केली आहे.

दुसरी अडचण तक्त्याची. निष्पत्तीपुढे बरोबरची खूण करायला एक सेकंद लागतो. रकाने भरलेले असले की पाहणारेही खूश होतात. पण न आलेल्या गोष्टीपुढे खूण केली की त्या मुलाला मदत मिळण्याची दारं आपण बंद करतो. आणि आलेली गोष्ट न पाहता फुली मारली, तर काय होतं ते मी वर लिहिलं आहे.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. 'पोराला बाजारात हिशोब येतो, मग शाळा कशाला?' असा अर्थ यातून काढू नका. पालावरचा हिशोब शंभर-पाचशेपर्यंत चालतो. बँकेचा फॉर्म, खताच्या गोणीवरचं प्रमाण, कर्जाचं व्याज, जमिनीचं क्षेत्रफळ इथे कागदावरचं गणित लागतं. मुलाला दोन्ही यायला हवं.

शेवटी

वर्षाच्या अखेरीस मी त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावलं. म्हटलं, "दादा, मागे मी तुम्हाला कच्चा म्हणालो, ते चुकलं माझं. त्याचं डोकं चालतं. कागदावर मांडायला शिकतोय, तेही बरंच जमलंय." मुलाने त्यांच्यासमोर पाटीवर ५०० वजा २३५ सोडवून दाखवलं. उत्तर २६५. वडिलांनी पाटी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "पाचवीत पण घालता येईल ना गुरुजी?" मी म्हटलं, "घालायलाच हवं."

तो अजून रविवारी पालावर बसतो. सोमवारी शाळेत येतो.

मित्रांनो, उद्या वर्गात गेल्यावर नोंदवहीतलं एकच नाव निवडा, ज्याच्यापुढे तुम्ही 'येत नाही' असं लिहिलंय. वही बाजूला ठेवून त्याच्याशी पाच मिनिटं बोला आणि त्याला काय येतं ते शोधा. पुढचा पाठ तिथूनच सुरू करा.